साडेतीनशेची रेघ

गौरी-गणपती नुकतेच गेले होते. मखराचे बांबू अजून ओटीवर भिंतीला टेकलेले, बाहेर भाद्रपदातला पाऊस थांबून थांबून पडत होता, आणि माझा चुलतभाऊ, आम्ही त्याला दादाच म्हणतो, मोबाईलवरची बातमी मोठ्याने वाचत होता. ३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत जीएसटी परिषदेने ठरवलं होतं की साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर येणार आणि त्यावरच्या गाड्यांना सरळ ४० टक्के लागणार. अंमल २२ सप्टेंबरपासून.

"बरं केलंन सरकारनं," दादा म्हणाला. "चैन करायची तर भरा म्हणावं."

उंबऱ्यात बसलेल्या पुतण्याचा चेहरा उतरला. तो लोट्याच्या एमआयडीसीत नोकरीला लागून वर्ष झालंय आणि साडेसहाशे सीसीच्या गाडीसाठी पहिल्या पगारापासून पैसे बाजूला टाकतोय. "काका, तू सांग ना बाबांना. तू तर याच्या दुप्पट इंजिनाची चालवतोस तिकडे."

मी जे सांगितलं ते दोघांनाही आवडलं नाही. तेच इथे सविस्तर लिहितो, कारण त्या सुट्टीत हाच वाद मी गुहागरच्या चहाच्या टपरीवर ऐकला, चिपळूणला मित्राकडे ऐकला आणि परत आल्यावर इथल्या मराठी मित्रांतही ऐकला. सगळीकडे माप एकच होतं, इंजिन किती सीसीचं. गाडीवर बसणाऱ्याला ती चालवायला कोणी शिकवलं, हे कुठेच कोणी विचारलं नाही.

मी जर्मनीत फ्रायबुर्गला राहतो, ब्लॅक फॉरेस्टच्या पायथ्याशी. माझी गाडी बीएमडब्ल्यूची आर १२५० जीएस: १२५४ सीसी, १३६ अश्वशक्ती, टाकी भरली की २४९ किलो. दोन सिलिंडर दोन्ही बाजूंना आडवे, हात पसरून उभ्या राहिलेल्या माणसासारखे. ही मांडणी त्या कंपनीने १९२३ साली पहिल्या मोटरसायकलला दिली आणि शंभर वर्षांत सोडली नाही. सकाळी गाडी सुरू केली की ती एकदा बाजूला अंग झटकते, म्हशीने दाव्याला हिसका द्यावा तशी, आणि मग शांतपणे घुमायला लागते. तो हिसका मला अजूनही रोज नवा वाटतो.

लोकांना वाटतं मोठ्या इंजिनाचं सुख वेगात असतं. इथल्या महामार्गांवर काही टप्प्यांना वेगमर्यादाच नाही, तरी मी फार तर एकशेतीसवर असतो. त्यापुढे वारा छातीवर बसतो आणि आजूबाजूचं काही दिसेनासं होतं. खरं सुख काय ते मला कोकणातल्या रस्त्यांनी शिकवलं, आणि तेही लहानपणी, अगदी छोट्या गाडीवर.

मामाकडे राजदूत होती. मामा गुरांचा डॉक्टर, पंचक्रोशीत कुठली गाय अडली की निघायचा, आणि सुट्टीत मला मागे बसवायचा. आमच्या किनाऱ्याची ठेवण अशी की प्रत्येक गाव खाली, खाडीच्या किंवा समुद्राच्या कुशीत, आणि दोन गावांच्या मध्ये जांभ्याचा सडा, म्हणजे उघड्या कातळाचं पठार. म्हणजे चढा, सड्यावरून जा, उतरा, परत चढा. पालशेतपासून हेदवीपर्यंत असे किती चढ-उतार येतात ते मी पायांनी मोजलेत. कारण चढ लागला की मामा पुढे वाकायचा, गिअर खाली टाकायचा, गाडी धूर ओकायला लागायची आणि मग तो मान न वळवता म्हणायचा, "उतर रे, वरती भेट." मी चालत वर पोचेपर्यंत मामा करवंदीच्या जाळीशी गाडी थंड करत उभा.

या वेळी चिपळूणच्या मित्राने त्याची रॉयल एन्फिल्ड साडेसहाशे दहा दिवसांसाठी माझ्या हाती दिली आणि मी त्याच चढांवर गेलो. ६४८ सीसी, ४७ अश्वशक्ती. वेळणेश्वरहून वर येताना तिसरा गिअर होता तो तिसराच राहिला. मूठ जराशी पिळली आणि चढ आपोआप मागे गेला, ना आवाज चढला, ना गाडी थरथरली. वळणावर समोरून एसटी आली, मी साइडपट्टीला थांबलो, ती गेल्यावर क्लच सोडला आणि गाडी तेवढ्याच शांतपणे निघाली. सड्यावर तेरडा फुलला होता, कातळावरच्या पाणथळीत सीतेच्या आसवांचा जांभळा थर पसरलेला, खाली खाचरांत भात पोटरीवर आलेलं. हे सगळं मला दिसलं, कारण इंजिनाशी झगडायचं नव्हतं. हाताशी भरपूर ताकद आहे आणि तिच्यातली पाव हिस्साही खर्च होत नाही, या जाणिवेने खांदे सैल पडतात. नजर लांब जाते. घाई संपते. मोठी गाडी मला संथ करते. ज्यांनी ती चालवली नाही त्यांना हे पटवणं अवघड आहे, पण माझ्यापुरतं हे शंभर टक्के खरं आहे.

तवसाळला फेरीबोटीत गाडी चढवली. ओल्या लोखंडी रॅम्पवर दोनशे किलोंच्या वर वजन अलगद नेणं हेही एक कसब आहे: पुढचा ब्रेक विसरायचा, क्लच अर्धा, नजर चाकाकडे न ठेवता बोटीच्या पलीकडच्या टोकाला. पलीकडे जयगड, मग मालगुंड, गणपतीपुळे, आणि मग आरे-वारेचा तो रस्ता, जिथे समुद्र एकदम उजव्या हाताला पायाखाली येतो. तिथे मी गाडी बंद करून अर्धा तास बसलो. (रेवस-रेडी सागरी महामार्गात या खाडीवरही पूल व्हायचा आहे. फेरीबोट गेली तर मला वाईट वाटेल, पण रात्री-अपरात्री आजारी माणसाला रत्नागिरीला न्यायचं असतं त्यांच्यासाठी पूल लवकर व्हावा, असंच मी म्हणेन.)

आता वादाकडे येतो. दादा ज्या साडेसहाशेला चैन म्हणतो, ती जर्मनीत नवशिक्यांच्या वर्गात बसते. इथे परवाने सीसीबरोबर ताकदीवर ठरतात. सोळाव्या वर्षी १२५ सीसीपर्यंत. अठराव्या वर्षी ३५ किलोवॉटपर्यंत, म्हणजे साधारण ४७ अश्वशक्ती. आपली साडेसहाशे नेमकी या रेघेच्या आत आहे. दोन वर्षं ती चालवली की पुन्हा प्रत्यक्ष परीक्षा आणि मग हवी ती मोटरसायकल. थेट मोठ्या गाडीचा परवाना हवा तर वय चोवीस लागतं. युरोपात जी पहिली पायरी संपवून दुसरीवर चढणाऱ्या पोराची गाडी, ती आपल्याकडे करासाठी पानमसाला आणि शीतपेयांच्या पंक्तीला बसली आहे. पूर्वी २८ टक्के अधिक ३ टक्के उपकर होता, म्हणजे रेघेच्या अलीकडच्या-पलीकडच्या गाडीत फरक तीन टक्क्यांचा होता. आता तो बावीसचा झाला.

इथे सीसीवर कर नाही असं नाही. दर २५ सीसीला वर्षाला १ युरो ८४ सेंट. माझ्या गाडीचे जवळपास ९४ युरो होतात. पण विकत घेताना स्कूटरला जो १९ टक्के कर, तोच माझ्या गाडीला. मोठी गाडी घेणारा जास्त देतो, त्याला हरकत नाही. माझी हरकत वेगळी आहे: आपल्याकडे पैसे जास्त घेतले की राज्याचं कर्तव्य संपतं.

मी परवाना काढला तेव्हा माझं वय अडतीस होतं आणि भारतातला दुचाकीचा परवाना खिशात होता. शिक्षकाने पहिल्या दिवशी सांगितलं, तुम्हाला गाडी चालवता येते, आता थांबवायला शिका. नेहमीच्या तासांव्यतिरिक्त बारा तास सक्तीचे: पाच गावाबाहेरच्या रस्त्यांवर, चार महामार्गावर, तीन अंधारात. परीक्षेत माणसाच्या चालीने शंकूंमधून गाडी न्यायची. पन्नासच्या वेगाने येऊन जागच्या जागी ब्रेक. पन्नासच्याच वेगाने अडथळ्याला बगल द्यायची, आणि त्या वेळी ब्रेकला हात लावायचा नाही. सोळा वर्षं मी पुण्यात गाडी चालवली होती. यातली एकही गोष्ट मला धड येत नव्हती. पुढचा ब्रेक जोरात दाबायची भीती माझ्या बोटांत इतकी मुरली होती की ती जायला तीन आठवडे लागले.

पुतण्याने परवाना कसा काढला? मित्राची शंभर सीसीची गाडी नेली, आठाचा आकडा काढला, पाय टेकला नाही, पास. त्याच कागदावर तो उद्या बाराशे सीसीचीही गाडी कायदेशीरपणे घेऊन निघू शकतो. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यातली साधारण ४५ टक्के दुचाकीवरची होती. त्यात बहुतेक गाड्या छोट्याच असणार, कारण रस्त्यावर आहेतच त्या. म्हणून मला साडेतीनशेची रेघ फसवी वाटते. रेघेच्या आतली गाडीसुद्धा सहज शंभरच्या पुढे जाते, आणि १८ टक्क्यांत मिळते.

मला कोणी म्हणेल, जर्मनीतलं शिक्षण दीड-दोन हजार युरोंचं, आपल्या माणसाने कुठून आणायचे? बरोबर आहे. आपल्याकडे गाडी म्हणजे मासळीची टोपली, दुधाची किटली, शाळेत सोडायची दोन पोरं. शंभर सीसीच्या गाडीवर पोट असलेल्याच्या वाटेत मी काहीही आडवं आणणार नाही. पण जो साडेतीन-चार लाखांची गाडी घेतोय, त्याच्याकडून ४० टक्के घेता तर त्यातलं थोडं प्रत्येक जिल्ह्यात एक मोकळं डांबरी मैदान, दोन चांगले शिक्षक आणि वेगळी परीक्षा यावर खर्च करा. रत्नागिरी जिल्ह्यात सड्यांना तोटा नाही.

आवाजाच्या बाबतीत मात्र मी पूर्णपणे दादाच्या बाजूला आहे. शनिवारी सकाळी शहरांतून येणारे जथे सायलेन्सर बदलून, फटाके फोडत आमच्या वाडीतून जातात. तान्ही पोरं दचकून उठतात, गोठ्यातली गुरं बिथरतात. "गाडीवाले आले" म्हटलं की आत्या दार लावून घेते. फ्रायबुर्गजवळ शाउइन्सलँड नावाचा डोंगर आहे, त्यावरचा रस्ता म्हणजे मोटरसायकलवाल्याचं स्वप्न. तो उन्हाळ्याच्या महिन्यांत शनिवारी-रविवारी आणि सणाच्या दिवशी मोटरसायकलींना बंद असतो. मोटारी जाऊ शकतात, आम्ही नाही. ऑस्ट्रियातल्या टिरोलने २०२० पासून काही रस्त्यांवर ९५ डेसिबलच्या वरच्या गाड्यांना मनाई केली, आणि हा आकडा गाडीच्या कागदावर छापलेला असतो, त्यामुळे वादच नाही. माझी गाडी त्याच्या आत आहे, पण शाउइन्सलँडला तिचा उपयोग नाही. तिथे गोंगाट करणाऱ्यांनी माझाही रस्ता घालवला. आरे-वारेला उद्या तशी पाटी लागली तर तिला कारणीभूत आपणच असू.

आणि किनाऱ्यावर, पुळणीत गाडी घालणाऱ्याला माझ्याकडून कसलीही दयामाया नाही. वेळास, आंजर्ले, गुहागरच्या वाळूत कासवाची मादी रात्री येऊन अंडी पुरून जाते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रांनी २००२ पासून त्यासाठी गावं जोडली. त्या वाळूवर चाकं फिरवून फोटो काढणाऱ्याची गाडी किती सीसीची हे मला बघायचंही नाही, ती जप्त व्हावी.

हे सगळं मी त्या सकाळी ओटीवर इतकं नीट बोललो नव्हतो. एवढंच म्हणालो, "दादा, कर चुकीचा आहे. आणि तू," पुतण्याला, "चार दिवस माझ्याबरोबर सड्यावर ये. गाडीचं मग बघू."

सड्यावर वीज मंडळाच्या उपकेंद्राकडे जाणारा डांबरी तुकडा आहे, दुपारी तिथे चिटपाखरू नसतं. शंकू कुठून आणणार, म्हणून परसातली नारळाची सोडणं, म्हणजे सोललेली सालं, पोत्यात भरून नेली. गाडीखाली आली तरी काही बिघडत नाही. पहिले दोन दिवस फक्त चालीच्या वेगाने सोडणांमधून वळणं. पोरगा कंटाळला, दोनदा गाडी आडवी केली, आम्ही दोघांनी मिळून उचलली. तिसऱ्या दिवशी पाऊस उघडला तेव्हा पन्नासवरून ब्रेक. दोन बोटांनी, आधी हलकेच, पुढचं चाक दबलेलं जाणवलं की मग घट्ट. "काका, पडेन मी!" "नाही पडत. एबीएस आहे, चाक अडकत नाही, दाब." तो दर वेळी शेवटच्या क्षणी मूठ सैल सोडायचा आणि शेवटच्या सोडणाच्या पुढे जाऊन थांबायचा.

चौथ्या दिवशी दादा आला. छत्री काखेत धरून बांधावर बसला, काही बोलला नाही. पोरगा लांबून आला, पन्नास, खूण केली त्या जागी दाबलं, गाडी खाली बसली आणि सोडणाच्या हातभर अलीकडे उभी राहिली. पाय टेकून त्याने आमच्याकडे बघितलं.

दादा उठला, रस्त्यावर गेला, ते सोडण उचललं, दोन पावलं अलीकडे आणून ठेवलं आणि परत जाऊन बांधावर बसला.