घसरला, घसरला... बास करा आता!

काल परत तीच क्लिप. आमचा फुटबॉल क्लब लिव्हरपूल हरला की आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर कोणीतरी तेव्हाचा कॅप्टन स्टीव्हन जेरार्ड घसरतानाचा व्हिडिओ टाकणार म्हणजे टाकणारच. अरे, 27 एप्रिल 2014 ची गोष्ट ती, चेल्सीशी हरलो ती मॅच! तो घसरला म्हणून इंग्लंडची प्रीमियर लीग हातची गेली, असं यांचं म्हणणं. त्यानंतर लिव्हरपूलनं दोनदा लीग जिंकली, 2025 ची तर नेमकी 27 एप्रिललाच. तरी यांची सुई तिथेच.

डोकं फिरतं ते याचं, की हसणाऱ्यांतल्या निम्म्यांनी ती मॅच बघितलेलीच नाही. मी बघितलीय. आपल्याच साखोचा साधा पास, चेंडू पायाखालून निसटला, जेरार्डचा पाय गेला आणि चेल्सीचा डेंबा बा एकटाच पळत सुटला, गोल. मान्य. पण तेव्हा पहिला हाफ संपत होता! पुढच्या अख्ख्या हाफमध्ये चेल्सीची भिंत कोणाला फोडता आली? आपल्या सुआरेझला नाही, स्टरिजला नाही, कोणालाच नाही. चेल्सीच्या विलियननं शेवटी दुसरा गोल केला तेव्हा आपण सगळे पुढे, मागे कोणीच नाही. तेव्हाही जेरार्डच घसरला होता का?

आणि त्याच सीझनची क्रिस्टल पॅलेसविरुद्धची मॅच? 3-0 पुढे होतो, शेवटच्या बारा मिनिटांत तीन गोल खाल्ले. त्याची क्लिप का नाही टाकत कोणी? त्या सीझनला आपण 50 गोल खाल्ले, लीग जिंकलेल्या मँचेस्टर सिटीनं 37. हिशोब करा ना जरा! चेल्सीशी 0-0 झाली असती तरी आपले पॉइंट 85, सिटीचे 86. लीग बचावानं घालवली, बोल मात्र एकट्या कॅप्टनला.

त्या कॅप्टननं तेहतिसाव्या वर्षी लीगमध्ये 13 गोल केले होते. सिटीला 3-2 हरवल्यावर मैदानातच सगळ्यांना कवेत घेऊन, भरल्या डोळ्यांनी, आता ही संधी सोडायची नाही म्हणून बजावत होता. दोन दिवसांवर हिल्सबरो स्टेडियममधल्या चेंगराचेंगरीत गेलेल्या लिव्हरपूलच्या चाहत्यांचा पंचविसावा स्मृतिदिन होता. तिथे त्याच्या नात्यातला दहा वर्षांचा भाऊ गेला होता. हे माहीत असलेला माणूस ती क्लिप बघून दात काढूच शकत नाही.

2005 च्या चॅम्पियन्स लीग फायनलला, इस्तंबूलला, 0-3 वरून पहिला गोल कोणाचा? 2006 च्या एफए कप फायनलला शेवटच्या क्षणी तीस-पस्तीस यार्डांवरून मारलेला तो फटका कोणाचा? आपल्या गावच्या क्लबसाठी सतरा सीझन झिजला, आणि लक्षात काय ठेवलं, तर एक पाय.

हे सगळं काल ग्रुपवर लिहिलं. पॅलेसच्या स्कोअरसकट. उत्तर म्हणून परत तीच क्लिप आली.