तोच बोल्ट, फक्त शिक्का महाग?

२०२५च्या अर्थसंकल्पात २०४७पर्यंत १०० गिगावॉट अणुऊर्जेचं उद्दिष्ट जाहीर झालं, तेव्हापासून एक जुना दावा पुन्हा जोरात फिरतोय. थोडक्यात असा: बाजारात शंभर रुपयांना मिळणारा बोल्ट अणुप्रकल्पात हजारो रुपयांना जातो. धातू तोच, कारखाना तोच, फरक फक्त ‘न्यूक्लिअर ग्रेड’च्या शिक्क्याचा आणि सोबतच्या फायलींच्या गठ्ठ्याचा. प्रकल्पातल्या एकूण एक वस्तूला हा जाच लावलाय, म्हणून प्रकल्प रखडतात आणि वीज महाग पडते. उपाय काय, तर बाजारातला चांगला माल घ्या, नमुना प्रयोगशाळेत तपासा आणि लावून मोकळे व्हा. निम्मा खर्च वाचेल.

हे म्हणणारे सगळेच हवेत गोळीबार करणारे नाहीत. त्यातले कित्येक जण फॅब्रिकेशनच्या धंद्यात मुरलेले आहेत, टीसीच्या (मालाच्या चाचणी-प्रमाणपत्रांच्या) फायली वाहून वैतागलेले आहेत. त्यांच्या वैतागात तथ्य आहे, त्याकडे शेवटी येतो. आधी दावा एकेक करून तपासू.

‘प्रत्येक वस्तू न्यूक्लिअर ग्रेड लागते.’

साफ चूक. सगळ्याला एकच माप लागू नये म्हणून तर वर्गीकरण करतात. वर्ग ठरवताना वस्तू किती भारी आहे हे कोणी विचारत नाही, ती निकामी झाली तर काय होईल हे विचारतात. अमेरिकी नियमांत ‘सुरक्षेशी संबंधित’ ठरण्याच्या तीन कसोट्या आहेत: शीतकाचा (अणुभट्टीतली उष्णता वाहून नेणाऱ्या द्रवाचा) दाब धरून ठेवणारं आवरण शाबूत राहणं, अणुभट्टी बंद करता येणं आणि बंद अवस्थेत सुरक्षित ठेवता येणं, आणि अपघात झालाच तर त्याचे परिणाम रोखता येणं. यांतल्या एका तरी कामाला जे लागतं, त्याच्यावर १९७० साली आलेले गुणवत्ता-हमीचे अठरा निकष पूर्ण लागू होतात. आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या मार्गदर्शिकेत चार सुरक्षा वर्ग आहेत आणि अणुसुरक्षेशी संबंध नसलेल्या वस्तू त्यांच्याबाहेर. भूकंपाची वर्गवारी आणखी वेगळी. कँटीनचं छप्पर, ऑफिसची लिफ्ट, कुंपणाचे खांब हे सगळं नेहमीच्या मानकांवर चालतं. तिथला बोल्ट खरंच शंभर रुपयांचा असतो.

गंमत भूकंपाच्या वर्गवारीत आहे. छताला टांगलेल्या साध्या दिव्याचं सुरक्षेत काहीच काम नाही. पण तो नियंत्रण कक्षातल्या पॅनेलच्या बरोबर डोक्यावर असेल, तर भूकंपात तो खाली पडणार नाही एवढं सिद्ध करावं लागतं. पेटला नाही तरी चालेल.

याच्या उलट चूकही लोक करतात: वर्ग खालचा, म्हणजे लक्ष दिलं नाही तरी चालतं. जपानच्या मिहामा प्रकल्पातल्या तिसऱ्या युनिटात ९ ऑगस्ट २००४ रोजी टर्बाइनच्या बाजूचा एक पाइप फुटला. ५६ सेंटिमीटर व्यासाचा, साध्या कार्बन स्टीलचा, आत किरणोत्सारी काही नाही. मूळ जाडी १० मिलिमीटर होती, ती झिजत काही ठिकाणी १.४ वर आली होती. १९७६ साली युनिट सुरू झाल्यापासून ती जागा एकदाही मोजली गेली नव्हती, कारण तपासणीच्या यादीतून ती सुटली होती. गरम पाणी आणि वाफेने पाच कामगारांचा जीव घेतला. सुरक्षा वर्ग किरणोत्साराच्या धोक्याबद्दल सांगतो. बाकीच्या धोक्यांचं उत्तर त्यात शोधायचं नसतं.

‘धातू तोच असतो.’

कधी असतो, कधी नसतो. बॉयलरला आणि रिफायनरीला जाणाऱ्या प्लेटचीच जात अणुप्रकल्पातल्या एखाद्या टाकीला लागते आणि ती त्याच रोलिंग मिलमधून येते, हे खरं. पण जिथे नसतो तिथे फरक अगदी बारीक असतो आणि बाजारातल्या ग्रेडच्या नावावरून तो कळत नाही.

झिर्कोनियम घ्या. निसर्गात त्याच्यासोबत साधारण दोन टक्के हाफ्नियम येतं. रासायनिक कारखान्यातल्या पाइपला त्याने काही बिघडत नाही. अणुइंधनाच्या नळीत मात्र हाफ्नियम न्यूट्रॉन गिळून टाकतं, म्हणून ते दशलक्षात शंभर भागांच्याही खाली आणावं लागतं. हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्यूएल कॉम्प्लेक्सच्या कामाचा एक मोठा भाग हाच आहे.

स्टेनलेसची गोष्ट तर बाजारवाल्यांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. उकळत्या पाण्याच्या भट्ट्यांत (तारापूरची पहिली दोन युनिटं याच जातीची) सुरुवातीला ३०४ स्टेनलेसचे पाइप वापरले. चांगला, प्रतिष्ठित, जगभर चालणारा माल. त्याच्या मानकात कार्बन ०.०८ टक्क्यांपर्यंत चालतो. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाच्या शेजारच्या पट्ट्यात हा कार्बन क्रोमियमला धरून बसतो, कणांच्या सीमांवर क्रोमियम उणं पडतं, आणि गरम, प्राणवायू विरघळलेल्या पाण्यात ताणाखाली नेमके तिथेच तडे जातात. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत अमेरिकेत अशा तड्यांनी प्रकल्पचालकांची झोप उडवली. कित्येक ठिकाणी पाइप काढून ३१६ एनजी नावाचं स्टेनलेस बसवलं. त्यात कार्बनची कमाल मर्यादा ०.०२० टक्के, आणि त्याने कमी होणारी ताकद भरून काढायला मोजून घातलेला नायट्रोजन. नावातलं ‘एनजी’ म्हणजे न्यूक्लिअर ग्रेड. इथे शिक्का रसायनाचा आहे.

आपल्या जड पाण्याच्या भट्ट्यांतल्या फीडर पाइपचंही (इंधनाच्या नळ्यांपर्यंत पाणी नेणाऱ्या-आणणाऱ्या पाइपचंही) असंच. कार्बन स्टील, ग्रेड बाजारातलीच. त्या ग्रेडच्या मानकात क्रोमियमची फक्त कमाल मर्यादा आहे, किमान नाही. म्हणजे क्रोमियम जवळजवळ शून्य असलेला पाइप आणि ०.२ टक्के असलेला पाइप, दोन्ही एकाच टीसीवर पास. वाहत्या गरम पाण्यात पहिला झिजतो, दुसरा बऱ्यापैकी टिकतो. ‘किमान इतकं क्रोमियम हवंच’ ही एक ओळ खरेदीच्या तपशिलात घातली की तोच पाइप महाग होतो, कारण मिलला ती हीट (एका वेळी वितळवलेला पोलादाचा घाणा) वेगळी काढावी लागते.

कोबाल्टचंही तेच. निकेलच्या मागोमाग तो स्टेनलेसमध्ये येतोच. न्यूट्रॉनच्या माऱ्यात त्याचा कोबाल्ट-६० होतो, अर्धायुष्य सव्वापाच वर्षांचं. शटडाऊनमध्ये त्या पाइपशेजारी उभं राहून काम करणाऱ्या वेल्डरच्या किरणोत्साराच्या डोसमध्ये तो दिसतो.

‘नमुना तपासला की झालं.’

तपासलेला तुकडा आणि बसवलेला तुकडा एकाच धातूचे आहेत, हे कशावरून? इथेच तो ‘कागद’ येतो.

शॉपमध्ये, म्हणजे फॅब्रिकेशनच्या कार्यशाळेत, प्लेट कापताना पाहा. प्लेटच्या एका कोपऱ्यावर हीट नंबर आणि प्लेट नंबर असतो. त्यातून सहा तुकडे कापायचे, तर नंबर एकाच तुकड्यावर राहणार, पाच बेवारस होणार. म्हणून गॅस कटर पेटवण्याआधी सहाही ठिकाणी नंबर उतरवून घ्यायचा, इन्स्पेक्टरने मूळ नंबराशी ताडून शेजारी आपला पंच मारायचा आणि मगच कापायला सुरुवात करायची. पंचसुद्धा बोथट टोकाचा, कारण धारदार खूण म्हणजे तड्याला आयतं निमंत्रण. इन्स्पेक्टर जेवायला गेला असेल तर काम थांबतं. सुपरवायझर शिव्या घालतो. वरवर पाहिलं तर शुद्ध वेळकाढूपणा. पण वीस वर्षांनी त्या हीटमध्ये खोट निघाली, तर तिचे तुकडे कुठे कुठे बसलेत हे या पंचावरूनच सापडणार असतं.

आणि नमुनाही कुठून घेतला यावर सगळं अवलंबून. फ्रान्सच्या फ्लामांव्हिल-३ या प्रकल्पाची भट्टी ईपीआर (युरोपीय बनावटीची, दाबाखालच्या पाण्याची) जातीची, आपल्या जैतापूरला प्रस्तावित आहे तीच. तिच्या दाबपात्राचं झाकण आणि बूड क्रूझोच्या पोलाद-घडाईच्या कारखान्यात घडवलेलं. भल्यामोठ्या इनगटमध्ये (ओतीव ठोकळ्यात) पोलाद थिजताना कार्बन वरच्या भागात गोळा होतो आणि तो भाग छाटून टाकायचा असतो. इथे तो पुरेसा छाटला गेला नाही. स्वीकृतीचे नमुने कडेकडचे होते, ते पास झाले. त्याच पद्धतीने घडवलेलं दुसरं एक झाकण मुद्दाम कापून मध्यभाग तपासला तेव्हा कार्बन ०.२२ टक्क्यांच्या मर्यादेऐवजी ०.३० निघाला, आणि आघात-चाचणीत ६० ज्यूल अपेक्षित असताना काही मोजणं ३६ पर्यंत खाली आलं. एप्रिल २०१५ मध्ये फ्रेंच नियामकाने हे जाहीर केलं. शेवटी भट्टी वापरायला परवानगी मिळाली, पण जादा तपासण्या आणि झाकण पुढे बदलण्याच्या अटीवर. प्रयोगशाळा तीच, यंत्रं तीच, नमुना चुकीच्या जागेचा.

‘बाजारातला माल घेऊच देत नाहीत.’

देतात, आणि सर्रास देतात. अमेरिकी नियमांत त्याची रीतसर वाट आहे. साधा व्यापारी माल घ्यायचा, सुरक्षेच्या कामासाठी त्याचे कोणते गुणधर्म निर्णायक आहेत ते लिहून काढायचे आणि ते पडताळायचे. पडताळणीचे मार्ग चार: स्वतः चाचण्या करणं, पुरवठादाराची व्यवस्था तपासणं, माल बनत असताना तिथे जाऊन पाहणं, किंवा त्या मालाचा नि पुरवठादाराचा आजवरचा इतिहास. फ्यूज, रिले, पंखे अशा हजारो गोष्टी याच दाराने आत येतात. दाव्यात सुचवलेला उपाय म्हणजे हीच वाट, फक्त एका नमुन्याची चाचणी सोडून बाकीची पडताळणी वगळून.

पडताळणी वगळली की काय होतं, ते दक्षिण कोरियाने दाखवलंय. नोव्हेंबर २०१२ मध्ये उघड झालं की आठ पुरवठादारांनी साठ गुणवत्ता प्रमाणपत्रं बनावट दिली होती, आणि त्यांच्या आधारे सात हजारांहून जास्त सुटे भाग घेतले गेले होते. बरेचसे फ्यूज, पंखे, स्विच असलेच. योंगग्वांगची दोन युनिटं बंद करावी लागली. सहा महिन्यांनी, मे २०१३ मध्ये, आणखी वाईट बातमी: अपघाताच्या वेळी ज्या नियंत्रण केबलमधून संदेश जायचे, त्या चाचणीत नापास झालेल्या असताना अहवाल बदलून पास दाखवल्या होत्या. शिन कोरी-२ आणि शिन वोलसंग-१ ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर थांबवली. विजेची इतकी ओढाताण झाली की सरकारला एसी आवरते घ्यायला सांगावं लागलं. बांधकाम चालू असलेल्या शिन कोरी-३ मधल्या केबल उपसून नव्या टाकाव्या लागल्या. त्याच वर्षी सुमारे शंभर जणांवर आरोप ठेवले गेले.

यावर ‘बघा, कागद खोटाच निघाला ना!’ असं उत्तर येतं. निघाला. पण त्या केबल बाजारातून कागदाशिवाय घेतल्या असत्या, तरी त्या अपघाताच्या वाफेत तितक्याच नापास झाल्या असत्या. फक्त कुणाला कळलं नसतं. खोटा अहवाल पकडता येतो, कारण तो कशाशी तरी ताडून पाहता येतो.

‘या जाचामुळेच प्रकल्प महागतात.’

पुन्हा फ्लामांव्हिलकडे. काम २००७ मध्ये सुरू झालं तेव्हाचा अंदाज ३.३ अब्ज युरोंचा. पुढे प्रकल्प बांधणाऱ्या ईडीएफ कंपनीचा स्वतःचा अंदाज १३.२ अब्जांवर गेला आणि वीज जाळ्यात आली ती २१ डिसेंबर २०२४ रोजी. यात अनेक कारणं आहेत: काँक्रीटच्या कामातले दोष, बदलत गेलेलं डिझाइन, वर्षानुवर्षं नवी भट्टी न बांधल्याने हरवलेला हात. एक कारण मात्र नेमकं आपल्या विषयाचं आहे.

मुख्य वाफेच्या पाइपांसाठी कंपनीने स्वतःहून वरचा दर्जा जाहीर केला होता. हे पाइप इतके उत्तम बनवू की ते तुटण्याची शक्यताच हिशेबात धरावी लागू नये, असं. त्यामुळे पाइप तुटला तर काय, यासाठीची बांधणी वाचली. पण ती वरची अट वेल्डिंग करणाऱ्या उपकंत्राटदाराच्या कागदांत उतरलीच नाही. त्याने नेहमीच्या दर्जाने जोड मारले. उणीव ध्यानात आली तोवर काही जोड घुमटाच्या भिंतीतून आरपार जाणाऱ्या भागात बंदिस्त झाले होते. जून २०१९ मध्ये नियामकाने अशा आठ जोडांची दुरुस्ती करायला लावली. कंपनीने त्याच वर्षी अंदाज दीड अब्ज युरोंनी वाढवला आणि पाइपात शिरून काम करणारे रोबोट बनवून घेतले. आठ जोडांपायी! वर्गीकरणाने इथे खर्च वाढवला नाही. ते खरेदी विभागाच्या टेबलावरून शॉपपर्यंत पोचलं नाही, त्याने वाढवला.

आता वैतागातलं तथ्य. ‘नको ती जबाबदारी’ म्हणून डिझाइनवाले बऱ्याचदा एक वर्ग वर ढकलतात, आणि एकदा वर चढलेली वस्तू खाली आणायला कुणी सही करत नाही. एखाद्या निचऱ्याच्या व्हॉल्व्हला मुख्य शीतक-मार्गासारखी कागदपत्रं मागितली जातात. पुरवठादार तेवढ्यासाठी वेगळी यंत्रणा ठेवत नाही, टेंडरच भरत नाही, आणि उरलेला एकटा हवा तो भाव लावतो. ही तक्रार शंभर टक्के रास्त आहे.

त्यावर उपायही झालाय. टेक्सासमधल्या साउथ टेक्सास प्रकल्पाने आपल्या वस्तूंची जोखीम-विश्लेषणाने फेरतपासणी केली. सुरक्षेच्या यादीत असूनही प्रत्यक्षात धोका फारसा न बदलणाऱ्या वस्तू वेगळ्या काढल्या आणि २००१ मध्ये त्यांच्यापुरती विशेष गुणवत्ता-अटींतून सूट मिळवली. २००४ मध्ये अमेरिकेत तो सर्वांसाठी ऐच्छिक नियम झाला, चार खणांचा: एका बाजूला सुरक्षेशी संबंधित आहे की नाही, दुसऱ्या बाजूला जोखमीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे की नाही. त्यात काही वस्तू खाली उतरतात, तर आजवर यादीबाहेर असलेल्या काही वर चढतात. बोल्ट स्वस्त करायचा रस्ता असलाच तर हा आहे, आणि त्यासाठी आधी प्रकल्पातली एकेक वस्तू निकामी झाल्यावर काय होतं याचा हिशेब मांडून बसावं लागतं.