आधी वड तोडा, मग मन मोकळं करा

गावात दुःख हलकं करायला, घडीभर टेकायला एखादी कलात्मक जागा उभारायचं तुमच्या मनात असेल, तर सगळ्यात आधी पारावरचा वड तोडा. तो असेपर्यंत लोक तिथे फुकटात बसतात, भांडतात, रडतात, दुपारी दुपट्टा तोंडावर ओढून झोपतात. आणि याला कोणी कला म्हणत नाही. कारण विचारलं तर रस्तारुंदीकरण सांगा.

मग पेव्हर ब्लॉक बसवा, लोखंडी बाकडी ठेवा. पाठीवर कोणाच्या निधीतून ते ठळक हवं. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडला की भरदुपारी त्यावर टेकणाऱ्याच्या भावना आपोआप बाहेर पडतात. सहभाग म्हणतात तो हाच.

कल्पना मात्र बाहेरून आणा. न्यू ऑर्लिन्समध्ये कँडी चँग या कलावतीने २०११ साली एका ओसाड घराच्या भिंतीचा फळा केला. 'मरण्याआधी मला...' असं लिहून पुढे जागा सोडली, लोकांनी ती खडूने भरली. छानच आहे. फक्त यवतमाळकडे पहिला शब्द जपून वापरा. इथे त्या शब्दामागे तलाठी येतो आणि प्रकरण पात्र की अपात्र, यावर बैठक बसते.

त्यापेक्षा जपानचा फोन बरा. ओत्सुचीत इतारू सासाकी यांनी २०१० साली, वारलेल्या चुलतभावाशी बोलता यावं म्हणून, बागेत कुठेही न जोडलेला फोन ठेवला. पुढच्या वर्षी त्सुनामी आली आणि माणसं गमावलेले लोक तिथे येऊन बोलू लागले. आपल्याकडे शिकवावं लागणार नाही. पीकविम्याच्या नंबरवर लोक कधीचे असेच बोलताहेत.

मारबतीचं, म्हणजे इडापीडेच्या त्या पुतळ्याचं, नाव काढू नका. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं 'घेऊन जा गे मारबत' ओरडत वर्षभराची इडापीडा शिवेबाहेर काढतात. नागपुरात पिवळी मारबत १८८५ पासून निघते, सोबतच्या बडग्या नावाच्या पुतळ्यांवर तर पुढाऱ्यांचाही उद्धार होतो. पण त्यात ना संकल्पना-टिपण, ना अनुदान. शिवाय लोकांना खरंच हलकं वाटतं, मग पुढच्या टप्प्याचा प्रस्ताव कशाच्या जोरावर पाठवाल?

उद्घाटनाला एक आजी हवीच, फोटो चांगला येतो. आमच्याकडे एकीच्या हातात रंगीत चिठ्ठी अन् स्केचपेन दिला.

"मले कुठं लिवता येते, बाई?"

"आजी, मनात खुपतंय ते सांगा, मी लिहिते."

"वड कोनं तोडला, थे लिव्ह."

अशी चिठ्ठी आलीच तर 'पर्यावरण' लिहिलेल्या हिरव्या दोरीला लावा, अगदी वरच्या टोकाला.

कार्यक्रम संपला की बाकी सगळं गुंडाळा, पाहुण्यांच्या फोटोंचा फ्लेक्स मात्र राहू द्या. चौकात आता तेवढीच सावली आहे. आजी तिथेच जमिनीवर बसली होती, सावली सरकेल तशी सरकत.