रूम, पावती आणि आडनाव: बेगमपुऱ्याच्या घरमालक काकांना उत्तर

काका, नमस्कार.

छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाजवळ रूम कशी बघावी यावर मी लिहिलेलं तुम्हाला पटलं नाही, आणि का पटलं नाही ते तुम्ही सविस्तर लिहिलंत. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. बेगमपुऱ्याकडे तुमचं घर आहे, वरच्या मजल्यावरच्या खोल्या तुम्ही मुलींना भाड्यानं देता. मी सरसकट सगळ्या घरमालकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं, असं तुमचं म्हणणं. टँकर आणि लाइट बिलाचा भार मला दिसत नाही. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, आणि पोरींना कागद मागायला शिकवलं तर त्यांना कुणी दारातही उभं करणार नाही. शेवटी विचारलंत, ज्याचं घर त्यानं आडनाव विचारलं तर बिघडलं काय?

पाण्याचं आधी. आपलं शहर पैठणच्या नाथसागराचं पाणी पितं आणि नळ रोज येत नाही, हे इथं राहणाऱ्या कुणाला सांगायची गरज नाही. आठ-दहा मुली असलेल्या घराला हौदातलं पाणी पुरत नाही, उन्हाळ्यात बोअर आटतो, मग टँकर मागवावा लागतो, आणि ते पैसे भाड्यातून जातात. हे सगळं खरं आहे. म्हणूनच मी लिहिलं होतं की पाण्याचं रूम बघतानाच बोला. टँकरचे पैसे भाड्यात धरलेत की वेगळे? वेगळे असतील तर सगळ्यांत कसे वाटणार? केज किंवा भूमहून आलेल्या बापाला टँकर नवीन नाही. वर्गणी द्यायलाही त्याची ना नसते. एप्रिलमध्ये अचानक कानावर आलेला आकडा मात्र त्याला झेपत नाही.

लाइटचंही तसंच. एका मीटरवर पाच खोल्या असल्या की युनिट चढतात. महावितरणचा घरगुती दर १०० युनिटपर्यंत एक, ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत त्याहून चढा, असा टप्प्याटप्प्याने वाढतो. त्यामुळे सब-मीटरवर (खोलीसाठी बसवलेल्या वेगळ्या छोट्या मीटरवर) तुम्ही लावलेला दर पोरींना जास्त वाटला तरी दरवेळी ती लूट नसते. पण मूळ बिल कुणी दाखवतच नसेल तर त्यांनी विश्वास कशावर ठेवायचा?

जयसिंगपुऱ्यातल्या एका घरमालकीण मावशींची वही मी पाहिली आहे. शाळेची लांब वही, प्रत्येक मुलीला एक पान. तारीख, भाडं, मीटरचं मागचं आणि आताचं रीडिंग, वजाबाकी, रक्कम, आणि शेवटी दोघींच्या सह्या. महिन्याचं मूळ बिल त्याच वहीत टाचून ठेवलेलं. पानाच्या डोक्यावर लाल पेनानं डिपॉझिटचा आकडा, आणि त्याखाली रूम घेताना काय कसं होतं त्याची नोंद: पंखा चालू, खिडकीची काच फुटलेली, नळाची तोटी नवीन. मावशी सातवीपर्यंत शिकलेल्या आहेत. त्यांच्याकडे डिपॉझिटवरून भांडण झाल्याचं मी ऐकलेलं नाही, आणि त्यांची एखादी कॉट रिकामी झाली की पोरी एकमेकींना फोन करून ती भरतात.

आता नोंदणीचं. इथं तुमची माहिती बरोबर नाही, आणि ती तशीच राहिली तर तुमचंच नुकसान आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा राहायला देण्याचा, करार लेखी आणि नोंदलेलाच असावा लागतो. त्यात अकरा महिन्यांना सूट नाही. नोंदणी करून घ्यायची जबाबदारी घरमालकावर आहे. ती पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय नोंदलेला करार नसताना वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, जोवर तुम्ही ते खोटं ठरवत नाही. नोटरीच्या बॉन्डवर विसंबून राहणाऱ्या किती घरमालकांना हे ठाऊक आहे?

'एकदा घुसले की निघत नाहीत' अशी तुमची भीती आहे. त्यावरचा उपायही याच कायद्यात आहे. कलम २४ प्रमाणे मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे यासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, जाता येतं, तिथं लेखी करार हाच निर्णायक पुरावा मानतात, आणि जास्तीच्या दिवसांचं दुप्पट भाडं लागू होतं. मुलगी कागद मागते तेव्हा ती तुमच्याही बाजूची गोष्ट मागत असते.

खर्चाचा हिशेब बघा. समजा खोलीचं भाडं ५,००० आणि डिपॉझिट १०,००० आहे. अकरा महिन्यांचे ५५,००० होतात. त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, डिपॉझिटवर मिळेल असं धरलेल्या व्याजाची थोडी भर धरली तरी दोनशेच्या आत बसतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. वर ऑनलाइनचा किरकोळ खर्च आणि एजंट लावला तर त्याचे पैसे. हे खोलीतल्या तिघी आणि तुम्ही वाटून घेतलं तर कुणालाच जड नाही.

कागदाचा आणखी एक उपयोग आहे, आणि माझ्या दृष्टीनं तोच सगळ्यांत मोठा. सरकारी वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जातीच्या मुलामुलींसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. आपल्या शहरासाठी त्यात वर्षाला ५१,००० रुपये ठरले: जेवणाचे २८,०००, राहण्याचे १५,०००, निर्वाहाचे ८,०००. राहण्याचे १५,००० म्हणजे महिन्याला १,२५०. तेवढ्यात एकटीला खोली मिळत नाही, पण तिघी-चौघींत वाटा भरायला ते पैसे फार मोलाचे असतात. या अर्जाला भाडेकरार लागतो. घरमालकानं सही नाकारली की लेकराचे वर्षाचे पैसे अडतात. त्या सहीला तुम्हाला काय पडतं, काका?

डिपॉझिटबद्दल तर मी पुन्हा सांगेन, अजून ठासून. आपल्याकडे प्रवेश होतात जून ते ऑगस्टमध्ये. तेव्हा शेतकऱ्याच्या घरातला पैसा बी-बियाणं आणि खतात जमिनीत गेलेला असतो. सोयाबीन, कापूस घरात येतो दसरा-दिवाळीला. जुलैत दोन-तीन महिन्यांचं डिपॉझिट एकरकमी मागितलं की बाप सावकाराकडे जातो किंवा पोरीला म्हणतो, पुढच्या वर्षी बघू. अर्धं आता, अर्धं दिवाळीनंतर, आणि दोन्हीची पावती, एवढं केलंत तर कुणाचं तरी वर्ष वाचतं. कुणी पैसे बुडवून गेल्याचा अनुभव तुम्हाला आला असेल, तो मी खोटा म्हणत नाही. पण त्यासाठीच तर करार आहे.

राहिलं आडनाव. ओळखीसाठी आधार कार्ड बघा, कॉलेजचं ओळखपत्र बघा, वडिलांचा फोन नंबर घ्या, पोलिस स्टेशनला भाडेकरूची माहिती द्या. हे सगळं करायलाच हवं, आणि त्यात आडनाव आपोआप कळतं. माझा आक्षेप ते ऐकल्यावर जे घडतं त्याला आहे. 'रूम आत्ताच गेली' असं एका मुलीला सांगायचं आणि तासाभरानं तिच्याच मैत्रिणीला तीच रूम उघडून दाखवायची, हे मी समोर उभं राहून पाहिलं आहे. धर्म वेगळा असला तर दारातूनच परत. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याच्या १९७८ च्या विधिमंडळाच्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत मराठवाड्यात माणसांनी या विद्यापीठाच्या नावासाठी घरं जळताना पाहिली, जीव गमावले. त्या विद्यापीठात शिकायला आलेल्या पोरीला, मकाई दरवाजा ओलांडून दहा घरं फिरल्यावर, आडनावामुळे रात्र ओळखीच्या कुणाच्या तरी खोलीत जमिनीवर काढावी लागते. तुम्ही विचारलंत बिघडलं काय, तर हे बिघडलं. मांस-मच्छी घरात शिजवू नका, हा नियम सांगा, पाळणाऱ्या पाळतील. जात हा नियम होऊ शकत नाही.

'एवढं जवळ कशाला राहायचं, टीव्ही सेंटर भागात स्वस्त मिळतं' हेही तुम्ही लिहिलंय. मिळतं, आणि ज्यांना जमतं त्यांनी तिकडं राहावं. पण अभ्यासिकेतून रात्री निघणाऱ्या मुलीसाठी चालत जायचं अंतर ही चैन नाही. रिक्षाचे रोजचे पैसे धरले तर स्वस्ताई तिथंच संपते.

दिवाळीनंतर तुमच्या दोन खोल्या रिकाम्या होणार आहेत, असं तुम्ही जाता जाता लिहिलंत. विचारणाऱ्या मुली माझ्याकडे आत्ताही आहेत. भाडं, डिपॉझिट किती हप्त्यांत घ्याल, मीटर वेगळा की एकत्र, टँकरचा हिशेब कसा, आणि नोंदणीला तयार आहात का, एवढं मला कळवा. मी त्यांच्यापर्यंत पोहोचवते, त्यांच्या घरच्यांना घेऊन येते. आडनावाची अट कायम असेल तर मात्र कळवू नका.