मागून बसलेली बास बोट: चोर सोडून फोमला फाशी

अमेरिकेत जुनी बास बोट (बास मासे पकडायची छोटी बोट; तिच्या डेकखाली, म्हणजे वरच्या फळीखाली, फोम भरलेला असतो) बघायला गेलं की एक सल्ला फुकट मिळतो: "मागून खाली बसलीय? फोमनं पाणी प्यायलंय. फोमच बोट तरंगवतो, तो गेला की संपलं. डेक कापा, सगळा उपसा."

"फोमच बोट तरंगवतो." साफ चूक. बोट तरंगते ती तळानं बाजूला सारलेल्या पाण्यामुळे. आत पाणी शिरत नाही तोवर फोम म्हणजे नुसतं ओझं, हलकं असलं तरी. त्याची गरज पडते ती बोट पाण्यानं भरल्यावर. 20 फुटांखालच्या आउटबोर्ड (मागे बाहेरून इंजिन टांगलेल्या) बोटी पाण्यानं भरल्या तरी समतल तरंगल्याच पाहिजेत, असं बंधन कोस्ट गार्डनं 1978 मध्ये घातलं, ते यासाठी.

"फोम पाणी पितो." हे मात्र मान्य. पन्नास वर्षांत पितोच, आणि एक घनफूट पाणी म्हणजे 28 किलो.

"मागून बसली, म्हणजे फोमच." इथे खरी गफलत आहे. मागे काय काय कोंबलंय ते आधी मोजा. तीन-चार लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या, प्रत्येकी पंचवीस-तीस किलोच्या. मासे जिवंत ठेवायची टाकी: 100 लिटर भरली की 100 किलो, आणि तिचा व्हॉल्व्ह गळका असेल तर ती गुपचूप भरत राहते. पेट्रोलची टाकी. शिवाय दोन-स्ट्रोक इंजिन काढून बसवलेलं जड चार-स्ट्रोक. आजचं दीडशे अश्वशक्तीचं इंजिन दोनशे किलोंच्या पुढे जातं. त्यात कुणी जॅक प्लेट (बोट आणि इंजिन यांच्या मध्ये बसवायचा, इंजिन वर-खाली करायचा जोड) लावली असेल तर ते सगळं ओझं आणखी मागे सरकतं.

आणि जागेचा खेळ वजनाहून मोठा. तळ चौकोनी धरून ढोबळ हिशोब: जे ओझं मधोमध ठेवल्यावर बोट एक सेंटीमीटर खाली जाते, तेच अगदी मागच्या टोकाला ठेवलं की मागची बाजू चार सेंटीमीटर बुडते, वर पुढचं टोक दोन सेंटीमीटर उचललं जातं. सी-सॉच तो. दोन बॅटऱ्या पुढे नेल्या तरी फरक डोळ्यांना दिसतो.

"डेक कापा." थांबा हो! बॅटऱ्या, इंधन, सामान काढून बोट वजनकाट्यावर न्या, ट्रेलरचं वजन वजा करा, कंपनीनं छापलेल्या आकड्याशी ताडा (त्यात इंजिन धरलंय का तेही बघा). दीड-दोनशे किलो जास्त भरले तर मागच्या खोलगट जागी, इंधनाची टाकी आणि वायरी चुकवून, डेकला (तळाला नव्हे) एक छोटं भोक पाडा. ड्रिलच्या टोकाला ओला चुरा आला, तर खुशाल कापा.