गाठ चमकली म्हणून केमो सोडायची?

मंगळवारी रात्री साडेदहाला मावशीचा फोन. "पाचवी केमो मी घेत नाहीये गं. काही उपयोग नाही म्हणे तिचा." कोण म्हणे? तर भिशीच्या ग्रुपवर आलेला मेसेज म्हणे!

मावशीला फॉलिक्युलर लिम्फोमा आहे, म्हणजे लसीका ग्रंथींचा कॅन्सर, सावकाश वाढणारा. चार केमोंनंतर पेट स्कॅन झाला, रिपोर्टात जांघेतल्या एका गाठीपुढे 'डोव्हिल ४' आलं, आणि त्याच आठवड्यात हा मेसेज. त्याचं म्हणणं असं: मधल्या, म्हणजे केमो चालू असतानाच्या स्कॅनमध्ये गाठ चमकली की केमो फेल, बंद करा. नाही चमकली तर तुम्ही बरे झालात, उरलेल्या केमो कशाला? आणि कॅन्सर साखरेवर जगतो, म्हणून स्कॅनला साखर टोचतात. तुम्ही साखर सोडा, गाठ उपाशी मरेल.

साखरेचं आधी उरकते. टोचतात ते ग्लुकोजसारखं, किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेलं द्रव्य, तेही नगण्य. जो भाग ते जास्त ओढतो, तो स्कॅनवर चमकतो. ते मेंदूही भरभरून ओढून घेतो, स्कॅनवर लख्ख दिसतो. मग त्यालाही उपाशी मारायचं का? मावशीने चार दिवस भात-पोळी सोडून कारल्याचा रस घेतला. पाचव्या दिवशी मोरीत चक्कर आली.

आता 'केमो फेल'. डोव्हिल ही गाठ किती चमकते ते सांगणारी १ ते ५ अशी पट्टी. ४ म्हणजे गाठ लिव्हरपेक्षा बऱ्यापैकी जास्त चमकते, एवढंच. जंतुसंसर्गाची गाठ चमकते, टीबीची चमकते. बरं, कॅन्सरच उरलाय असं धरू. फ्रेंच अभ्यासगटांनी याच आजाराच्या, आर-चॉप नावाचा औषधांचा संच घेणाऱ्या १२१ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. चार केमोंनंतर ज्यांचा स्कॅन चमकला, त्यांच्यापैकी ६१ टक्क्यांचा आजार दोन वर्षांनीही पुढे सरकलेला नव्हता. शंभरात एकसष्ट! याला फेल म्हणणाऱ्याने स्वतःची दहावीची गुणपत्रिका काढून बघावी.

मेसेजमध्ये तथ्यच नाही, असं मात्र म्हणता येत नाही. स्कॅन न चमकलेल्यांत तो आकडा ८६ होता. म्हणजे मधला स्कॅन काहीतरी सांगतो खरा. सगळ्या केमो संपल्यावरचा शेवटचा स्कॅन जास्त सांगतो, तिथे न चमकलेल्यांत ८७ आणि चमकलेल्यांत ५१. हॉजकिन लिम्फोमा या दुसऱ्या प्रकारात तर दोन केमोंनंतरच्या स्कॅनवरून औषधं बदलतातही. मेसेजवाल्याने बहुधा तिथलं उचलून इथे चिकटवलंय. आजार वेगळा, औषधं वेगळी. आणि बदलणं म्हणजे घरी बसणं नव्हे. तिच्या डॉक्टरांनी सांगितलंय, उरलेल्या केमो पूर्ण करा, मग पुन्हा स्कॅन; तेव्हाही चमकली तर गाठीचा तुकडा काढून तपासू.

'नाही चमकली तर बरे झालात' याला फार शब्द नकोत. स्कॅन न चमकलेल्या शंभरातल्या त्या ८६ च्या पलीकडे १४ उरतात.

शुक्रवारी पाचवी केमो. डबा मी नेतेय, वरण-भात आणि थोडा शिरा.