नखातलं बिऱ्हाड

उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं नख कडेने पिवळं पडून उचलायला लागलं, तेव्हा आमच्या सोसायटीत किती डॉक्टर राहतात ते कळलं. खालच्या काकू म्हणाल्या, कॅल्शियम कमी. भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, लिंबात बोट खुपसून बसा. सासूबाईंनी नखाकडे न बघताच निकाल दिला, "ते भांड्यांचं लिक्विड. आम्ही राखेनं घासायचो."

खऱ्या डॉक्टरीणबाई मात्र ठाम काही बोलेनात. पायाच्या नखात बहुतेकदा ट्रायकोफायटॉन रुब्रम ही बुरशी निघते. हाताच्या नखात, त्यातून सतत पाण्यात हात असलेल्या बाईच्या, कॅन्डिडा हे यीस्टही असू शकतं. टर्बिनाफिनची गोळी पहिलीला चांगली लागू पडते, कॅन्डिडाला तितकीशी नाही. म्हणजे आधी नाव, मग औषध.

यीस्ट! डिसेंबरातल्या पुण्यात इडलीचं पीठ शालीत गुंडाळून ठेवलं तरी फुगायचं नाव घेत नाही, आणि इथे नखाखाली बिनबोभाट कारभार चाललेला.

लॅबमधल्या मुलीने नख स्पिरिटने पुसलं, कड कापली, आतला भुगा खरवडला.

"काही लावलंय का याला?"

"लिंबू," मी म्हटलं. तिने ते फॉर्मवर लिहिलं नाही.

भुगा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवला की नखाचा भाग विरघळत जातो आणि बुरशी उघडी पडते. मुलगी हौशी, मायक्रोस्कोपमधून तिने दाखवलंही. लंबगोल पेशी, काहींच्या कडेला चिमुकली दुसरी पेशी फुटलेली. माझ्या नखात बाळंतपणं चालली होती!

पुढे साबुरोंच्या नावाच्या अगारवर, म्हणजे बुरशी वाढवायच्या जेलीवर, पांढऱ्या, सायीसारख्या वसाहती आल्या. मग चौकशी, ही कॅन्डिडातली नेमकी कोणती जात. त्यातल्या थोड्या पेशी माणसाच्या सीरममध्ये, 37 अंशांवर, 2 ते 3 तास ठेवतात. कॅन्डिडा अल्बिकन्स असेल तर मटकीसारखे मोड येतात. आमच्याला आले नाहीत. मग रंग दाखवणारा अगार. त्यावर अल्बिकन्स हिरवी, ट्रॉपिकॅलिस निळी, क्रुसेई गुलाबी आणि खरखरीत. आमची निघाली फिकट, पांढरट. एवढा खर्च करून रंगसुद्धा नाही! शेवटी प्रथिनांचं वजन करणाऱ्या यंत्राने नाव सांगितलं: कॅन्डिडा पॅराप्सिलोसिस.

मी रिपोर्ट घेऊन विजयी मुद्रेने गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही धडधाकट माणसाच्या हातावरही सापडते. खरी गुन्हेगार की वाटेवरची बघी, ते ठरवायला पुन्हा नमुना घेऊ." नख पुन्हा कापलं. ते महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, त्यामुळे कापायला आता फारसं शिल्लक नव्हतं.

"आणि तोवर हात कोरडे ठेवा." हे वाक्य त्या अगदी सहज बोलल्या. तांदूळ धुवायचे, कणीक मळायची, कोथिंबीर निवडून धुवायची, ओटा पुसायचा, दुधाचं पातेलं घासायचं, आणि हात कोरडे! रबरी मोज्यांच्या आत सुती मोजे घालून मी फोडणी दिली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आता ऑपरेशन कुणाचं?"

भांडी ह्यांच्याकडे गेली. चार दिवस कुरकुर, मग गप्प. परवा रात्री बघते तर हे ट्यूबलाइटखाली अंगठा वेगवेगळ्या कोनांतून निरखतायत.

"पिवळं दिसतंय ना गं?"

"ओल्या हळदीचं लोणचं कुणी केलं दुपारी?"

"तरी पण," हे म्हणाले, "लॅब किती वाजता उघडते?"